काकूंचा उजवा गाल

बंगळुरात भाड्याने घर शोधणाऱ्या एकट्या मुलीला घरमालक काय काय विचारतात ते मला एव्हाना पाठ झालं होतं. व्हेज का, लग्न कधी, ऑफिसातून यायला किती वाजतात, मित्रमंडळी फार आहेत का. बसवनगुडीतल्या नरगुंदकरांनी यातलं काहीच विचारलं नाही. गच्चीवरच्या दोन खोल्या दाखवून झाल्यावर ते जिन्यात थांबले, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "कपडे कशात धुता?"

"मशीनमध्ये."

"मशीन नाही हो. पावडर कुठली? का ती पातळ, बाटलीतली? आणि नंतर कपडे मऊ होण्यासाठी ते वासाचं काही घालता?"

मी जे वापरत होते त्याचं नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली, पोलिसाला हवा तो माणूस सापडल्यावर हलवावी तशी. "सरी, ठीक आहे. महिनाभर बिनवासाची पावडर वापरायची तयारी आहे? पावडर मी देतो. खोल्या तुमच्या."

हा गृहस्थ पावडरचा एजंट असावा किंवा डोक्याने थोडा सैल असावा, असं मला वाटलं. दोन्ही अंदाज चुकले. गच्चीवर कपडे वाळत घालायची एकच दोरी होती, तिच्यावर माझ्या कुर्त्यांशेजारी मालतीकाकूंच्या साड्या वाळणार होत्या, आणि मालतीकाकूंच्या उजव्या गालाला दीड वर्षापासून काहीतरी झालं होतं. ते कशाने होतं हे शोधणं हा अण्णांचा त्या काळातला पूर्णवेळ उद्योग होता.

अण्णा म्हणजे वसंत नरगुंदकर. त्यांचे आजोबा कधीतरी नरगुंदहून इथे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, पण अण्णा आकडे मोजायचे कानडीत, रागवायचे कानडीत आणि आरती तेवढी मराठीत म्हणायचे. उंच, काटक, पँट जवळजवळ छातीपर्यंत ओढून पट्ट्याने आवळलेली. नोकरी एका सरकारी यंत्र-कारखान्यात झाली, आणि काम एकच: बंद पडलेल्या मशीनचा दोष शोधायचा. "मशीन बंद पडलं की सगळे म्हणतात, म्हातारं झालं, काढून टाका," ते सांगायचे. "मशीन कधी म्हातारं होत नाही. कुठला तरी एक पार्ट म्हातारा होतो. तो शोधायचा, बाकीच्यांना उगाच शिव्या द्यायच्या नाहीत."

त्यांचा लाडका शब्द होता 'नोडोणा'. कानडीत त्याचा अर्थ 'बघू या' एवढाच. आपण मराठी माणसं 'बघू' म्हणतो ते बहुधा काम टाळायला. अण्णा 'नोडोणा' म्हणाले की खरोखरच उठून बघायला जायचे. नळाची धार बारीक झाली, नोडोणा. शेजारच्यांचा कुत्रा मंगळवारीच का भुंकतो, नोडोणा. तो मंगळवारी का भुंकायचा हे त्यांनी शोधूनही काढलं होतं. मंगळवारी समोरच्या घरी मासळी यायची.

कारखान्याच्या काही सवयी निवृत्तीनंतरही सुटल्या नव्हत्या. जेवणाला बसताना ते घड्याळ काढून ताटाशेजारी ठेवायचे. दाढी रात्री करायचे, कारण पहिल्या पाळीची बस अंधारातच यायची आणि तेव्हा दाढीला वेळ कोणाला होता. आता बस नव्हती, पाळी नव्हती, तरी जेवण झालं की मागच्या पडवीत आरशासमोर उभे राहून गुणगुणत दाढी चाले. काकू म्हणायच्या, "जग सकाळी नटतं, आमच्याकडचे झोपायला जाताना नटतात."

आता काकूंबद्दल. त्या माहेरच्या पुण्याच्या, लग्न होऊन इथे आल्या आणि चाळीस वर्षांत पुण्याची तोफ तशीच ठेवून तिच्यात कानडी दारू भरली. गाणं उत्तम. शनिवारी मराठी बायकांचं भजन असे, त्यात मुख्य आवाज त्यांचा. मी राहायला गेले तेव्हा त्यांनी भजनाला जाणं बंद केलेलं होतं. उजव्या गालावर, कानाच्या पाळीखाली आणि तिथून मानेपर्यंत कातडी लाल, खरखरीत, मधूनमधून बारीक पुरळ आलेली आणि सदा खाजणारी. पदर त्या बाजूने ओढून घ्यायची त्यांना सवय लागली होती. एकदा गच्चीवर साड्या काढताना त्या सहज म्हणाल्या, "बायका बोलताना आता माझ्या डोळ्यांकडे बघत नाहीत गं, गालाकडे बघतात. मग माझाच सूर हलतो." एवढंच बोलल्या आणि घड्या घालायला लागल्या. मला फार वाईट वाटलं.

त्वचेच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, हे संसर्गाचं नाही, रक्त खराब नाही, ही ॲलर्जी आहे; घरातली रोजच्या वापरातली कुठली तरी वस्तू कातडीला चालत नाहीये. मलम लावलं की बसायचं, थांबवलं की पुन्हा यायचं. कुठली वस्तू ते कळायला एक तपासणी होती. पाठीवर निरनिराळ्या पदार्थांच्या पट्ट्या चिकटवायच्या आणि काही दिवस पाठ भिजू द्यायची नाही, म्हणजे आंघोळ नाही. इथे गाडं अडलं. काकू म्हणाल्या, "आंघोळ केल्याशिवाय मी देवाला हात लावत नाही, देवाचं झाल्याशिवाय चहा घेत नाही, आणि चहा घेतल्याशिवाय मी तुमच्याशी नीट बोलत नाही. विचार करा." अण्णांनी विचार केला आणि तपासणी घरीच करायची ठरवली.

मागच्या पडवीत जाळीच्या दाराचं एक जुनं कपाट होतं, पूर्वी दूधदुभतं ठेवायचं. त्याला अण्णा कोठडी म्हणायचे. ज्या वस्तूवर संशय ती कोठडीत जायची. अंगाचा साबण, तोंडाला लावायची पावडर, केसांचं तेल, भांड्यांची वडी, फरशी पुसायचं हिरवं औषध, उदबत्ती, डासांची कॉइल. पण सगळं एकदम नाही, हा त्यांचा कडक नियम. "एका वेळी एकच. दोन बदल एकदम केले तर गुण कोणाला द्यायचा?" एक वस्तू आत, बाकी सगळं होतं तसं, पंधरा दिवस वाट. गाल सुधारला नाही तर ती वस्तू निर्दोष सुटून मोरीत परत आणि पुढची आत. मी एकदा "आता आरोपी कोण?" असं विचारलं तर अण्णा गंभीर झाले. "आरोपी नाही. संशयित. सिद्ध होईपर्यंत कोणाचं नाव खराब करायचं नाही."

मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करते हे कळल्यावर तर मी घरचीच झाले. 'तुम्ही'ची 'तू' झाले. "तुझ्या कंपनीत चूक सापडली की दहा ठिकाणी एकदम बदल करतात का गं?"

"करतात, अण्णा. म्हणून तर मला पगार मिळतो."

हे त्यांना इतकं आवडलं की भेटेल त्याला सांगत सुटले.

कुंकवाची पाळी आली तेव्हा घरात थोडं वादळ झालं. काकू म्हणाल्या, कपाळ साफ आहे, कुंकवाला का छळता. अण्णांचं म्हणणं, हात कुंकवाला लागतो, तोच हात गालाला लागतो. शेवटी काकूंनी पंधरा दिवस देवापुढचं गंध लावलं. गाल ढिम्म. मग अण्णांचा डोळा शेवंतीवर गेला. काकूंच्या वेणीत रोज गांधी बाजारातल्या फुलवाल्या अक्काकडची शेवंती असायची, आणि शेवंतीच्या जातीची फुलं काहींच्या कातडीला बाधतात असं डॉक्टरबाई बोलल्या होत्या. अण्णा स्वतः जाऊन फुलवालीला म्हणाले, आमच्या हिला पंधरा दिवस मोगराच द्यायचा. फुलवाली म्हणाली, भांडण झालंय वाटतं. अण्णा म्हणाले, नाही, चौकशी चालू आहे. शेवंतीही सुटली.

असं सगळं घर एकदा तुरुंगात जाऊन आलं. माझी पावडरसुद्धा. गाल मात्र तसाच.

एक गोष्ट फक्त चौकटीत बसत नव्हती. काकू बहिणीकडे पुण्याला गेल्या की गाल स्वच्छ. चौथ्या-पाचव्या दिवशी लाली उतरायला लागायची, परत येईपर्यंत कातडी मऊ. इथे आल्यावर आठवड्यात पुन्हा सुरू. पुण्यात त्यांचा मुलगा अमोल होता, त्याने निकाल देऊन टाकला: बंगळूरची हवाच वाईट. सगळ्यांनाच ते पटलं, कारण या गावात शिंक आली तरी माणसं हवेला नाव ठेवतात. अण्णांना पटलं नाही. "हवा म्हणजे काय? हवा हा पार्ट आहे का?" पण हवा कोठडीत घालता येत नव्हती. मग त्यांनी पाण्यापासून सुरुवात केली. काकूंच्या पुढच्या पुणेवारीला त्यांनी घरच्या बोअरच्या पाण्याचे दोन कॅन, घरचा साबण, घरची उशी आणि पावडर बरोबर दिली. काकू बहिणीच्या घरी बंगळूरच्या पाण्याने तोंड धुवायच्या आणि अख्खं माहेर हसायचं. तरी गाल स्वच्छच राहिला. पाणी सुटलं, उशी सुटली. उरली हवा.

आणि मग घर विकायची भाषा सुरू झाली. अमोलने पुण्यात फ्लॅट बघायला घेतले. इकडे एक बिल्डर दोनदा येऊन अंगण मोजून गेला. अण्णांनी त्याला चहा दिला, पायरीवर बसवलं, सगळं नीट केलं. पण तो गेल्यावर ते फाटकाशी बराच वेळ उभे राहिले. मी ऑफिसातून येत होते. म्हणाले, "इथे मी अण्णा आहे. भाजीवाल्याचा, बसवाल्याचा, सगळ्यांचा. पुण्यात मी अमोलचे वडील होणार. स्वल्प अवघड आहे." मग स्वतःच म्हणाले, "पण तिने तोंड झाकून किती दिवस काढायचे? घर काय, दुसरं होतं." काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मला कुठे जायचंय पुण्याला? पण यांचं तोंड बघवत नाही गं. रोज सकाळी माझा गाल बघून यांचं तोंड उतरतं." दोघंही एकमेकांसाठी घर सोडायला निघाले होते, आणि सोडायचं दोघांनाही नव्हतं.

फ्लॅट बघायला म्हणून ते दोघं मिळून पुण्याला गेले. अण्णा कित्येक वर्षांनी बंगळूर सोडत होते. घर राखायला मी होते. आठवडा उलटायच्या आत त्यांचा फोन आला. मी मारतहळ्ळीला ऑफिसात होते, मीटिंग सोडून बाहेर आले, कारण अण्णा उगाच फोन करणारे नव्हते.

"सायली, गाल आला."

"म्हणजे?"

"पुण्यात आला. कालपासून. लाल, खरखरीत, सगळं तसंच. ही रडतेय. अमोल म्हणतो, बंगळूरची हवा अंगात भिनलीय." त्यांचा आवाज मात्र रडवेला नव्हता. मशीनच्या पोटात टॉर्च मारताना असतो तसा बारीक झाला होता. "तू तपासनीस आहेस. मला सांग, ही मागच्या दोन खेपांना इथे आली तेव्हा हेच घर, हेच पाणी, हीच हवा. सामान तेच. तेव्हा काही झालं नाही. या खेपेला नवीन काय आलं?"

मी विचार करत होते. ते वाट बघत होते, पण उत्तर त्यांना आधीच सापडलेलं असावं.

"मी आलो," ते म्हणाले.

क्षणभर मला हसावं की काय करावं ते कळेना. दीड वर्ष या माणसाने घरातली काडी न् काडी कोठडीत घातली होती, आणि स्वतःला कधी वस्तूंमध्ये धरलंच नव्हतं. मोजणाऱ्याचा हातही मशीनला लागलेला असतो, हे कारखान्यात नव्या पोरांना शिकवणारे तेच. मलासुद्धा सुचलं नव्हतं, आणि मला तर त्याचाच पगार मिळतो.

"पण अण्णा, तुमचं काय? तुमचा साबण तर काकूंचाच आहे."

"साबण तोच. तेल तेच." मग ते घुटमळले. "दाढीनंतरचं लोशन आहे. नोकरीला लागलो तेव्हापासूनचं."

त्या लोशनचा वास आम्हा सगळ्यांना रोज यायचा. जिन्यात, पडवीत, त्यांनी दिलेल्या वर्तमानपत्रालासुद्धा. इतका रोजचा की तो वास आहे हेच विसरायला झालं होतं. "पण ते तुमच्या गालाला लागतं," मी म्हटलं. "काकूंच्या गालाला कसं लागेल? आणि उजव्याच?"

मग अण्णांनी इंजिनियरच्या भाषेचा आसरा घेतला. "असं बघ. दोन पार्ट शेजारी शेजारी असतात. एकाचा डावा खांदा, मानेपर्यंत. दुसऱ्याची उजवी बाजू. रात्रभर एकमेकांना टेकून... म्हणजे, संपर्क असतो."

मागून काकूंचा आवाज आला, "अहो, फोन ठेवा. पोरीला काय सांगताय?"

मला एकाच वेळी लाज वाटली आणि इतका आनंद झाला की ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये मी एकटीच हसत उभी राहिले. सत्तरीला टेकलेली ही दोघं. दिवसभर एकमेकांना टोमणे मारणारी.

बंगळूरला परतल्यावर अण्णांनी नियम सोडला नाही. एका वेळी एकच. फक्त लोशन बंद, बाकी सगळं तसंच. झोपायची जागासुद्धा तीच, हे त्यांनी मला न विचारता आणि माझ्याकडे न बघता सांगितलं. दाढीनंतर तुरटी फिरवू लागले. महिन्याभरात गाल निवळला. आपण सुटकेचा श्वास टाकून मोकळे झालो असतो. अण्णा म्हणाले, अजून सिद्ध कुठे झालंय? डॉक्टरबाईंना विचारून आले: हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापाशी, थेंबभर लोशन लावून बघायचं. बायकोला पुन्हा त्रास द्यायचा हे मात्र त्यांच्या जिवावर आलं. बाटली हातात घेऊन ते नुसतेच उभे. काकूंनीच बाही वर केली आणि हात पुढे धरला. "नोडोणा," त्या म्हणाल्या. काकूंच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. दोन दिवसांनी तिथे रुपयाएवढा लाल चट्टा उठला आणि अण्णांनी तो मला भिंगातून दाखवला, बाळाचा पहिला दात दाखवावा तितक्या कौतुकाने.

चाळीस वर्षं चाललं ते आताच का बाधलं, हे त्यांनी डॉक्टरबाईंना खोदून खोदून विचारलं. बाई म्हणाल्या, असं होतं. शरीर एखादी गोष्ट वर्षानुवर्षं चालवून घेतं आणि एक दिवस नाही म्हणतं, आणि एकदा नाही म्हटलं की पुन्हा हो म्हणत नाही. घरी येताना काकूंनी शेरा मारला, "चाळीस वर्षं सोसलं, मग एकदाची कातडी बोलली. मी बोलले असते तर ऐकलं असतंत का?" त्यावर अण्णा चक्क "नसतं ऐकलं" म्हणाले.

बिल्डरला नकार गेला. काकू शनिवारी भजनाला गेल्या, पदर दोन्ही खांद्यांवर नीट घेऊन, आणि अण्णा त्यांना सोडायला म्हणून जाऊन दाराबाहेर चपलांपाशी बसून ऐकून आले. त्यानंतर गल्लीत अण्णांचा फारच बोलबाला झाला. कोणाच्या मनगटाला घड्याळाखाली खाज, कोणाच्या पायाला चपलेच्या पट्ट्याचं माप घेतल्यासारखा डाग, कोणाच्या सुनेला केसांच्या रंगाने सुजलेल्या पापण्या. अण्णा आधी डॉक्टरकडे पाठवायचे, औषध कधी सांगायचे नाहीत. पण एक प्रश्न जोडून द्यायचे, आणि तो त्यांना फार महागात पडून मिळालेला प्रश्न होता: "तुम्ही काय लावता ते राहू दे. तुमच्याजवळ कोण असतं, आणि ते काय लावतं?" यावर नवी जोडपी लाजायची आणि अण्णा खिडकीबाहेर बघायचे.

एकदा मी काकूंना म्हटलं, आता सगळं छान झालं. त्या म्हणाल्या, "झालं खरं. पण तुरटीला वासच नाही गं. मध्येच जाग आली की शेजारी कोण झोपलंय ते हात लावून बघावं लागतं." आम्ही दोघी हसलो.

पुढे माझं लग्न झालं, मी हेब्बाळला राहायला गेले. बंगळुरात उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणं म्हणजे परगावी जाण्यासारखंच. फोन व्हायचे, भेटी कमी. अण्णा गेले ते सकाळी वर्तमानपत्र वाचता वाचता. कोणाला काही करायला वेळच मिळाला नाही. मी पोचले तेव्हा अमोल आलेला होता आणि घर माणसांनी भरलेलं होतं. मला रडू आवरेना, काकूंनीच माझ्या पाठीवरून हात फिरवला.

दोनेक महिन्यांनी मी एकटीच त्यांना भेटायला गेले. अमोल पुण्याला चला म्हणत होता, त्या नको म्हणत होत्या. गाल स्वच्छ होता. भजनाला जायला लागले आहे म्हणाल्या. आम्ही स्वयंपाकघरात बसलो. चहाचं आधण ठेवायला त्यांनी हात वर केला, बाही मागे सरकली, आणि कोपराच्या आतल्या बाजूला मला लाल, खरखरीत चट्टा दिसला. ताजा होता.

माझ्या तोंडून अण्णांचेच प्रश्न निघायला लागले. "काकू, हे काय? नवीन साबण आणलात का? भांड्यांची वडी बदलली? कामाला बाई नवीन आहे का?"

त्यांनी बाही खाली ओढली नाही. गॅस बारीक केला.

"यांची बाटली आहे अजून," त्या म्हणाल्या. "मीच लावते. थेंबभर."

"पण काकू, खाजत असेल ना."

"खाजतं की." त्यांनी त्या चट्ट्यावर अलगद बोट ठेवलं. "वास तासाभरात उडून जातो गं. हे आठवडाभर राहतं."